कुलूपवाला, विमानवाला आणि एक इवलीशी झडप

मित्रांनो, मागच्या आठवड्याचा आपला प्रश्न आठवतो ना? विहिरीवर काठावर पंप बसवलेला असतो. त्याचा पाइप खाली पाण्यात सोडलेला असतो. त्या पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह कशासाठी लावतात?

शेतावर राहणाऱ्या मंडळींनी हा प्रश्न चुटकीसरशी सोडवला. पंप बंद केल्यावर पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरू नये म्हणून! फूटव्हॉल्व्हमधली झडप पाण्याला वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. एकाच दिशेची वाट. काहींनी मात्र लिहिलं, की "कचरा आत जाऊ नये म्हणून." त्यांचंही अगदीच चूक नाही बरं का! झडपेला बाहेरून जाळी असते ती त्याचसाठी. झडपेत काडी नाहीतर शेवाळ अडकलं, की पंप नुसताच घरघरतो आणि पाणी काही येत नाही.

ही दोन्ही उत्तरं आज जवळ ठेवा. एकाच दिशेची वाट, आणि अडकणारा कचरा. कारण आज आपण या फूटव्हॉल्व्हच्या एका धाकट्या बहिणीची गोष्ट ऐकणार आहोत. ती इतकी लहान आहे, की माणसाच्या कातडीखाली बसते. तिच्यामुळे जगात असंख्य मुलं शाळेत जातात, अभ्यास करतात, भांडतात, खेळतात. आणि ती बनवणाऱ्यांत एक होता कुलपाच्या कारखान्यात काम करणारा बाप, एक होता खेळण्यातल्या विमानांची इंजिनं बनवणारा कारागीर, आणि एक तर चक्क गोष्टी लिहिणारा लेखक!

डोक्यातलं पाणी

आपला मेंदू कवटीत कोरडा ठेवलेला नाही. तो पाण्यासारख्या स्वच्छ, रंगहीन द्रवात तरंगत असतो. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १४०० ग्रॅम भरतो, पण या द्रवात तरंगत असल्यामुळे त्याचं वजन जेमतेम ५० ग्रॅमइतकंच जाणवतं. विहिरीत पोहताना आपल्याला हलकं हलकं वाटतं ना, तसंच. शिवाय डोक्याला धक्का बसला तर हाच द्रव गादीसारखा उपयोगी पडतो.

हा द्रव मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये तयार होतो. अशा चार पोकळ्या असतात. तिथून तो अरुंद वाटांनी बाहेर पडतो, मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूभोवती फिरतो आणि शेवटी रक्तात शोषला जातो. मोठ्या माणसात एका वेळी साधारण १५० मिलिलिटर द्रव असतो. म्हणजे कपभर म्हणा ना! पण दिवसभरात तयार किती होतो? जवळजवळ अर्धा लिटर. म्हणजे जुना सतत जातो, नवा सतत येतो, आणि दिवसातून तीन-चार वेळा सगळं पाणी बदललं जातं.

आता जरा गणित करू. अर्धा लिटर भागिले चोवीस तास. तासाला झाले साधारण २० मिलिलिटर. दवाखान्यातल्या सलाइनच्या नळीतून वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो असं धरलं, तर मिनिटाला सहा-सात थेंब. म्हणजे आठ-नऊ सेकंदांनी एक थेंब! टप... टप... इतका संथ हा प्रवाह. पण तो थांबला तर?

टाळू सांगते

काही मुलांमध्ये ही वाट जन्मापासूनच बंद असते. काहींमध्ये मेंदूच्या आवरणाला सूज आल्याने, डोक्यात रक्तस्राव झाल्याने किंवा गाठ झाल्याने ती नंतर बंद होते. पण द्रव तयार होणं काही थांबत नाही. मोरी तुंबलेली आणि नळ चालूच, अशी गत. या आजाराला डॉक्टर 'हायड्रोसेफॅलस' म्हणतात. घराघरांत त्याला 'डोक्यात पाणी होणं' म्हणतात.

तान्ह्या बाळाची टाळू भरताना तुम्ही आजीला पाहिलं असेल. तिथे कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात, म्हणून ती जागा मऊ लागते. आत पाणी साठू लागलं, की ही टाळू फुगते आणि बाळाचं डोकं भराभर मोठं होऊ लागतं. मोठ्या मुलांची कवटी मात्र पक्की झालेली असते. ती फुगू शकत नाही. मग सगळा दाब पडतो मेंदूवर. डोकं दुखतं, उलट्या होतात, अंधूक दिसतं, मूल पेंगुळतं. वेळेवर उपाय झाला नाही, तर दृष्टी जाऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो.

उपाय काय? ऐकायला अगदी सोपा आहे. वाट बंद झाली ना, मग दुसरी वाट काढून द्या. मेंदूच्या पोकळीत एक बारीक नळी घालायची, ती कातडीखालून खाली न्यायची आणि शरीरात दुसरीकडे सोडायची. तिथे ते पाणी आपोआप शोषलं जातं. या नळीला म्हणतात 'शंट'.

पण इथेच आपली फूटव्हॉल्व्हवाली अडचण येते. पूर्वी ही नळी मानेतल्या मोठ्या शिरेतून हृदयाच्या कप्प्याजवळ नेत असत. आता नुसती उघडी नळी ठेवली, तर रक्त उलटं नळीत शिरणार, गोठणार आणि नळी बंद पडणार. म्हणजे झडप हवीच. १९४९ मध्ये अमेरिकेत फ्रँक नल्सन आणि युजीन स्पिट्झ या डॉक्टरांनी छोटी गोळी आणि स्प्रिंग वापरून अशी झडप करून पाहिली. कल्पना चांगली होती. पण वर्षानुवर्षं शरीरात टिकणारी, आठ सेकंदांना एक थेंब सोडणारी, आणि एकदाही उलटं न जाऊ देणारी झडप बनवणं म्हणजे खायचं काम नव्हतं.

कुलपाच्या कारखान्यातला बाप

नोव्हेंबर १९५५. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात जॉन हॉल्टर नावाचे एक तंत्रज्ञ राहत होते. 'येल अँड टाउन' या कुलपं बनवणाऱ्या कारखान्यात ते नोकरीला होते. बारीक, नेमके सुटे भाग घडवणं हे त्यांचं रोजचं काम. डॉक्टरकीचा आणि त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव केसी. जन्मतःच त्याच्या पाठीच्या कण्यात दोष होता आणि थोड्याच दिवसांत डोक्यात पाणीही साठू लागलं. बाळ होतं तिथल्या मुलांच्या रुग्णालयात. तिथेच काम करत होते डॉक्टर स्पिट्झ. हो, तेच मघाचे!

हॉल्टरनी डॉक्टरांना विचारलं, की नेमकं अडतं कुठे? डॉक्टरांनी सांगितलं, की अडतं ते झडपेशी. दुसरा कुणी असता तर "डॉक्टर, तुम्हीच काय ते करा" म्हणून गप्प बसला असता. हॉल्टर हे तर यंत्रकामातले. त्यांना वाटलं, हे काम आपल्यासारख्याचंच आहे.

त्यांनी रुग्णालयात एक गोष्ट पाहून ठेवली होती. नर्सबाई सलाइनच्या रबरी नळीला सुई टोचून औषध सोडत. सुई काढली की भोक आपोआप मिटे, थेंबही गळत नसे. रबराला बारीक चीर असेल, तर आतून दाब आला की ती उघडेल, आणि दाब गेला की मिटेल. उलट्या बाजूने दाब आला तर आणखी घट्ट मिटेल!

तुम्हाला हे घरीच बघता येईल. उलटी उभी ठेवायची सॉसची बाटली घ्या. तिच्या टोपणात मऊ पडद्याला फुलीसारखी चीर असते. बाटली दाबली की सॉस येतो, सोडली की चीर मिटते. आणि ज्यांच्याकडे जुन्या पद्धतीची सायकल आहे, त्यांनी तिच्या व्हॉल्व्हवरची रबरी 'वॉलट्यूब' आठवावी. हवा आत जाते, बाहेर येत नाही. तत्त्व तेच.

हॉल्टरनी घरच्या गॅरेजमध्ये नमुने करायला सुरुवात केली. पण साधं रबर चालेना. शस्त्रक्रियेआधी सगळं सामान वाफेत तापवून निर्जंतुक करावं लागतं. त्या उष्णतेत रबर टिकत नव्हतं आणि शरीरालाही ते मानवणारं नव्हतं. शोधता शोधता त्यांना सिलिकोन नावाचा तेव्हा नवा असलेला पदार्थ सापडला. तो उष्णतेत टिकतो, मऊ राहतो आणि शरीर त्याला सहसा त्रास देत नाही. सिलिकोनमध्ये चिरा पाडून त्यांनी दुहेरी झडप तयार केली. दोन झडपांच्या मध्ये छोटी फुगीर नळी. कातडीवरून ती बोटाने दाबली, की नळी चालू आहे का ते कळावं, अशी सोय!

१९५६ मध्ये ही झडप पहिल्यांदा एका मुलाला बसवली गेली. तो मुलगा केसी नव्हता. केसीची तब्येत त्या वेळी शस्त्रक्रिया सोसण्यासारखी नव्हती. बापाने आपल्या मुलासाठी बनवलेली झडप आधी दुसऱ्याच्या मुलाला लाभली. केसीला ती नंतर बसवण्यात आली. पण त्याचे आजार अनेक होते, आणि काही वर्षांनी तो गेला.

हॉल्टरनी मात्र काम सोडलं नाही. नोकरी सोडली, आणि झडपा बनवत राहिले. त्यांच्या झडपा देशोदेशी गेल्या. त्याआधी डोक्यात पाणी झालेल्या बहुतेक मुलांसाठी डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. आता काहीतरी हाती आलं होतं.

करून पाहा : नळी निम्मी, पाणी किती?

पुढे जाण्याआधी एक प्रयोग. त्याशिवाय पुढची अडचण कळणार नाही.

साहित्य : प्लॅस्टिकच्या दोन सारख्या बाटल्या, शहाळ्याबरोबर मिळणारी एक जाड नळी, खोक्यातल्या ज्यूसबरोबर मिळणारी एक बारीक नळी, थोडी घट्ट कणीक नाहीतर मळलेली माती, आणि घड्याळ.

दोन्ही नळ्या सारख्याच लांबीच्या कापून घ्या. दोन्ही बाटल्यांना तळाजवळ, सारख्याच उंचीवर, नळी जेमतेम बसेल एवढं भोक पाडा. (हे काम मोठ्या माणसाकडून करून घ्या.) नळ्या आडव्या बसवा, भोवती कणीक लिंपा म्हणजे गळणार नाही. नळ्यांची तोंडं बोटांनी दाबून धरा, दोन्ही बाटल्यांत सारखं पाणी भरा आणि बोटं सोडा. एक पेला भरायला कुणाला किती वेळ लागतो ते मोजा.

आता आपलं मन काय म्हणतं? नळी निम्म्या जाडीची असेल, तर पाणीही निम्मं येईल. पण तसं होत नाही. ते फारच कमी येतं. फ्रान्समध्ये जाँ प्वाझय नावाचे एक डॉक्टर होते. रक्त बारीक नलिकांतून कसं वाहतं हे त्यांना समजून घ्यायचं होतं. म्हणून त्यांनी काचेच्या अतिशय बारीक नळ्यांतून द्रव सोडून मोजमापं केली, आणि १८४० च्या सुमारास नियम मांडला. नळीची जाडी निम्मी केली, तर संथ वाहणारा प्रवाह निम्मा नव्हे, चौथा हिस्साही नव्हे, तर सोळावा हिस्सा होतो! जाडी एक तृतीयांश केली, तर एक्क्याऐंशीवा हिस्सा. (२ ला चार वेळा गुणा, १६. ३ ला चार वेळा गुणा, ८१.) तुमच्या प्रयोगात आकडा नेमका एवढा येणार नाही, कारण नळ्या आखूड आणि पाणी वेगात असतं. पण कल मात्र स्पष्ट दिसेल.

आता शंटची नळी डोळ्यांपुढे आणा. तिची आतली पोकळी साधारण एक मिलिमीटरची. तिच्या आत थोडासा जरी थर बसला, की प्रवाह किती घटेल? आणि झडपेची चीर तर त्याहून अरुंद. तिथे रक्ताची एखादी बारीकशी गुठळी अडकली तर?

विमानवाला आणि लेखक

नेमकं हेच झालं तिओच्या बाबतीत.

तिओ हा रोआल्ड डाल यांचा मुलगा. हो, चार्ली आणि चॉकलेटच्या कारखान्याची गोष्ट लिहिणारे तेच डाल! डिसेंबर १९६० मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कमध्ये राहत होतं. तिओ अवघा चार महिन्यांचा. त्याला बाबागाडीत बसवून रस्ता ओलांडत असताना एका टॅक्सीने गाडीला धडक दिली. तिओच्या डोक्याला भयंकर मार लागला. तो वाचला, पण डोक्यात पाणी साठू लागलं. त्याला हॉल्टर पद्धतीचा शंट बसवला.

पण अपघातामुळे आत रक्तस्राव झालेला. त्याचे बारीक कण झडपेच्या चिरेत अडकत. शंट बंद पडे. बाळाला काही दिसेनासं होई. पुन्हा धावपळ, पुन्हा शस्त्रक्रिया. काही दिवस बरे जात, की पुन्हा तेच.

कुटुंब इंग्लंडला परतल्यावर डालनी डोकं चालवलं. त्यांना खेळण्यातली विमानं उडवायचा नाद होता. त्यातून स्टॅन्ली वेड नावाच्या कारागिराची ओळख झालेली. वेड हे छोट्या विमानांच्या इंजिनांचे भाग बनवत. अशा इंजिनात इंधन पोचवणारा पंप नखाएवढा असतो, आणि तो तुंबून चालत नाही. डालनी त्यांना विचारलं, की तुंबणार नाही अशी झडप डोक्यासाठी बनवता येईल का?

तिसरे आले लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट इथल्या मुलांच्या रुग्णालयातले शल्यविशारद केनेथ टिल. काय अडकतं, कुठे अडकतं, दाब किती हवा, हे त्यांनी सांगायचं. वेडनी त्याप्रमाणे घडवायचं. आणि डालनी दोघांच्या मागे लागून काम पुढे ढकलायचं!

वेडनी चीर काढूनच टाकली. तिच्या जागी धातूच्या दोन इवल्याशा चकत्या आल्या. प्रत्येक चकती आपल्या छोट्याशा घरात मोकळी हलणारी. वरून पाण्याचा दाब आला, की ती सरकून वाट देते. खालून उलटा दाब आला, की नळीच्या तोंडावर बसून वाट बंद करते. कण अडकायला चिमटा म्हणून उरलाच नाही. शिवाय धातूची असल्याने ती निर्जंतुक करायलाही सोपी. १९६२ मध्ये ती पहिल्यांदा एका लहान मुलाला बसवली, आणि १९६४ मध्ये टिल यांनी वैद्यकीय नियतकालिकात तिची माहिती जगापुढे मांडली. तिघांच्या नावांवरून ती 'वेड-डाल-टिल झडप' म्हणून ओळखली जाते.

आणि तिओ? झडप तयार होईपर्यंत तो इतका सुधारला, की त्याला शंटची गरजच उरली नाही! म्हणजे केसीच्या वडलांसारखंच झालं. ज्याच्यासाठी धडपड केली त्याच्याऐवजी दुसऱ्यांच्याच मुलांना ती उपयोगी पडली. निरनिराळ्या देशांतल्या दोन-तीन हजार मुलांना ती झडप बसवली गेली. तिघांनी आधीच ठरवून टाकलं होतं, की यातून नफा घ्यायचा नाही. कुणीही नाही.

मग काय, अडचण सुटली? तेच तर सांगायचंय. पुष्कळ सुटली, पूर्ण नाही. वेडची झडप आता वापरात नाही. तिच्यानंतर कितीतरी नवनव्या झडपा आल्या. कोलंबिया देशातले मेंदूशल्यविशारद सॅलोमॉन हाकीम आणि त्यांचे इंजिनिअर चिरंजीव कार्लोस यांनी तर अशी झडप केली, की तिचा दाब शस्त्रक्रिया न करता बाहेरून चुंबकाने बदलता येतो. प्रत्येक रोग्याला हवा तसा दाब! आणि आता नळी बहुधा हृदयाकडे न नेता पोटाच्या पोकळीत सोडतात. मूल वाढलं तरी पुरावी म्हणून ती आत जास्त लांब ठेवता येते. इतकं सगळं होऊनही, मुलांना नव्याने बसवलेल्या शंटपैकी जवळपास निम्मे पहिल्या दोन वर्षांतच कधीतरी बिघडतात. जास्त करून तुंबून. म्हणून काही मुलांमध्ये डॉक्टर शंट न बसवता दुर्बिणीने मेंदूच्या आतच पाण्याला नवी वाट करून देतात. पण ते सगळ्यांना लागू पडत नाही.

शाहजहांपूरची नळी

आणखी एक अडचण असते, ती पैशांची. परदेशी शंट महाग. गरीब आईबापांनी काय करायचं?

लखनौचे मेंदूशल्यविशारद डॉक्टर डी. के. छाब्रा यांनी एक साधा, चीर असलेला शंट तयार केला. 'छाब्रा शंट' याच नावाने तो ओळखला जातो, आणि उत्तर प्रदेशात शाहजहांपूर इथे बनतो. स्वस्त आहे. मग लगेच शंका येते, की स्वस्त म्हणजे कमअस्सल असेल का?

याचं उत्तर आलं आफ्रिकेतून. युगांडा देशात म्बाले गावी मुलांचं एक रुग्णालय आहे. तिथे बेंजामिन वॉर्फ या डॉक्टरांनी १९५ मुलांची नीट तुलना केली. काहींना छाब्रा शंट, काहींना नावाजलेला परदेशी शंट. किंमत किती? छाब्रा शंट ३५ डॉलर, दुसरा ६५० डॉलर. म्हणजे अठरापट फरक! वर्षभरानंतर पाहिलं, तर मुलांच्या तब्येतीत दोन्हींमध्ये ठळक असा काही फरक नव्हता. २००५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या देशात बनलेली एक साधी नळी तिकडच्या मुलांच्या उपयोगी पडली, हे वाचून बरं वाटतं की नाही?

मानेवरची पट्टी

आता अगदी अलीकडचं. शंट बंद पडलाय की नाही, हे ओळखायचं कसं? मुलाचं डोकं दुखलं, एवढ्यावरून कळत नाही. डोकं काय, गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशीही दुखतं! म्हणून रुग्णालयात न्यायचं, स्कॅन काढायचा, कधी कधी नुसतं पाहण्यासाठी शस्त्रक्रियाही करायची. तिथे गेल्यावर कळतं, की शंट तर ठणठणीत आहे.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले जॉन रॉजर्स आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ मध्ये एक युक्ती मांडली. जखमेवर लावायच्या चिकटपट्टीसारखी मऊ पट्टी. शंटची नळी मानेजवळ कातडीच्या अगदी खालून जाते, तिथेच ही पट्टी वरून चिकटवायची. पट्टी कातडी किंचित कोमट करते, आणि दोन्ही बाजूंचं तापमान मोजते.

यातलं मर्म शेताच्या पाटावर कळेल. वाहत्या पाटात तांब्याभर गरम पाणी ओतलं, तर कोमट कुठे लागेल? खालच्या अंगाला. वरच्या अंगाला नाही. पण पाट थांबलेला असेल, तर दोन्हीकडे सारखंच पसरेल. शंटमध्येही तेच. खालची बाजू जास्त कोमट लागली, की समजायचं, पाणी वाहतंय. दोन्ही बाजू सारख्या, की वाट बंद. सुई नाही, कापाकापी नाही! पहिली चाचणी पाचच रोग्यांवर झाली होती, तेव्हा लगेच गुलाल उधळायला नको. पण दिशा छान आहे.

याच मंडळींनी २०१६ मध्ये घामाची पट्टीही दाखवली होती. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, आत केसासारख्या बारीक नागमोडी वाटा. खेळाडूला घाम आला, की तो या वाटांतून सरकतो आणि छोट्या छोट्या कोठड्यांत जातो. तिथल्या रसायनांमुळे रंग बदलतो. किती घाम गेला, त्यात क्षार किती, ते रंगांच्या फोटोवरून मोबाइल सांगतो. अंगावर चिकटवलेली छोटीशी प्रयोगशाळाच! थेंबाथेंबाच्या या विद्येला 'मायक्रोफ्लुइडिक्स' म्हणतात. मोठेपणी शिकावीशी वाटली तर लक्षात ठेवा.

आणि तुमच्या वर्गात?

कदाचित तुमच्याच शाळेत असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. कानामागे कातडीखाली छोटासा उंचवटा, मानेवरून खाली जाणारी नळीची अस्पष्ट रेघ. त्यावरून चिडवणाऱ्यांना आता तुम्ही गोष्ट सांगू शकाल, की त्या उंचवट्याच्या मागे किती जणांची मेहनत आहे!

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, त्याला "तू नको खेळूस" म्हणून बाजूला बसवू नका. काय खेळायचं आणि काय नाही, हे त्याला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. तेवढं ऐकायचं, आणि डोक्याला मार लागेल अशी धसमुसळ टाळायची. दोन, विज्ञानाच्या पेटीतला जोरदार चुंबक गंमत म्हणून त्याच्या डोक्याजवळ नेऊ नका. काही झडपांचा दाब चुंबकाने बदलतो, हे आपण वाचलंच. तीन, सगळ्यात महत्त्वाचं. तो डोकं दुखतं म्हणतोय, पुन्हा पुन्हा उलट्या होताहेत, भर वर्गात पेंगतोय, तर "झोप झाली नसेल" म्हणून सोडून देऊ नका. लगेच बाईंना, सरांना, त्याच्या घरी सांगा. तुंबलेली नळी वेळेत कळली, तर ती बदलता येते. अशा वेळी शेजारच्या बाकावरचा मित्रही डॉक्टरइतकाच कामाचा असतो.

या आठवड्याचा प्रश्न

शंट बसवलेला एक मुलगा रात्री आडवा झोपलेला आहे. सकाळी तो उठून उभा राहतो. त्याबरोबर नळीतून पाणी एकदम जास्त वेगाने वाहू लागतं. कधी कधी तर गरजेपेक्षा जास्त! म्हणून नव्या शंटमध्ये त्यासाठी खास सोय करावी लागते. असं का होत असेल? इशारा एकच देतो : बादलीतलं पाणी नळीने तोंडाने ओढून खाली सोडून पाहा. मग नळीचं दुसरं टोक वर-खाली करा.

उत्तरं पोस्टकार्डावर चालतील, आकृती काढली तर आणखी चांगलं. आणि हो, दोन बाटल्यांच्या प्रयोगातले तुमचे आकडे जरूर कळवा. नळ्यांची जाडी लिहायला विसरू नका!